देअरफोर कुठून आला?

मराठी माणूस उसने पैसे मागायचे असले तर चार दिवस शब्दांची जुळवाजुळव करतो. इंग्रजी तपासून मागताना मात्र त्याला तिळमात्र संकोच वाटत नाही. "सर, फक्त एक नजर टाका," असं म्हणून तो हातात कागदांची चळत ठेवतो आणि समोरच्या खुर्चीत बसून आपल्या नजरेकडे नजर लावतो. डॉक्टरांनी नजर टाकली तर फी पडते, गवंड्याने टाकली तर निदान चहा पाजावा लागतो, पण इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापकाने टाकली तर "तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम!" एवढ्या प्रमाणपत्रावर भागतं. दिवाळीच्या सुमारास त्यात चकल्यांची भर पडते. ज्यांचं इंग्रजी फारच कच्चं आहे त्यांच्या घरच्या चकल्या हमखास खुसखुशीत असतात, हे माझं निरीक्षण आहे. कारण मला ठाऊक नाही, पण तक्रारही नाही.

मी मिरजेत राहतो. वॉन्लेस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, म्हणून गावात दवाखाने वाढले. दवाखाने वाढले म्हणून नर्सेस आल्या. नर्सेसना आता इंग्लंडला जायचं असतं, म्हणून त्यांना आयेल्ट्सची परीक्षा द्यावी लागते. आणि परीक्षेत परिच्छेद लिहावे लागतात म्हणून संध्याकाळी माझ्या ओट्यावर चपला दिसतात. (सतारींसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात माझ्याकडे येणाऱ्यांपैकी एकाचाही सूर लागत नाही, हा दैवदुर्विलास.)

या परीक्षेत लेखनाला एक तास असतो. पहिला मजकूर निदान दीडशे शब्दांचा, दुसरा निदान अडीचशे. गुण, म्हणजे त्यांच्या भाषेत 'बँड', नऊपैकी, आणि तेही अर्ध्या-अर्ध्या पावलांनी वाढणारे. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत सात लागतात, लिहिण्यात मात्र साडेसहा चालतात. डॉक्टरांचं अक्षर आयुष्यभर पाहिलेल्या मंडळींनी हा नियम केला असावा. नर्सनेच तेवढं सातचं लिहून उपयोग काय?

व्याकरणाच्या चुका मला मनापासून आवडतात. त्या प्रामाणिक असतात, आणि बऱ्याचदा चुकणाऱ्याचे संस्कार चांगले आहेत याचा पुरावा असतात. मालगावकडून येणाऱ्या एका मुलीने लिहिलं, "माय फादर-इन-लॉ आर अ रिटायर्ड टीचर." मी 'आर'भोवती गोल केला आणि वर 'इज' लिहिलं. तिचा चेहराच उतरला.

"सर, सासऱ्यांना इज?"

मी म्हटलं, "अगं, सासरे एकच आहेत ना?"

"एकच आहेत. पण मोठे आहेत."

इंग्रजीत माणूस कितीही मोठा झाला तरी एकवचनातच राहतो, हे मी तिला परोपरीने समजावलं. राजालाही 'इज' आणि राजाच्या घोड्यालाही 'इज'. तिला ते पटलं नाही. पुढच्या वेळी तिने आपल्या परीने मध्यममार्ग काढून आणला: "माय फादर-इन-लॉ सर इज अ रिटायर्ड टीचर." त्याच्या पुढच्या वाक्यात सासऱ्यांना सर्वनाम लावायची वेळ आली तेव्हा तर पेन थांबलंच. 'इज'चं एक वेळ चालेल, पण सासऱ्यांना 'ही' म्हणायचं? आमच्याकडे 'ही' म्हणजे बायको. शेवटी तिने सर्वनामच टाळलं आणि आख्ख्या परिच्छेदात 'फादर-इन-लॉ सर' अकरा वेळा लिहिलं. शब्दसंख्या भरली, हा त्यातला फायदा.

खरं तर या बाबतीत इंग्रजांनी आपल्याला नावं ठेवू नयेत. त्यांचं 'यू' हे मुळात अनेकवचन. एकट्या माणसाला 'दाऊ' म्हणायची रीत होती. पुढे मोठ्या माणसांशी बोलताना आदर म्हणून 'यू' सुरू झालं, मग आपण कुणाचा अपमान तर करत नाही ना या धास्तीने ते सगळ्यांनाच लागू झालं आणि 'दाऊ' बिचारं देवळात आणि कवितेत जाऊन बसलं. म्हणजे एकदा अहो-जाहो सुरू केल्यावर ते थांबवायचं कुठे हे इंग्रजांना कळलं नाही. आज इंग्रज आपल्या कुत्र्याला सोफ्यावरून हाकलतो तेव्हाही, मूळच्या हिशेबाने पाहिलं तर, "आपण खाली उतरावं," असंच म्हणत असतो. आम्ही निदान सासऱ्यांपाशी थांबतो.

'द' या शब्दाचं दुखणं निराळं. मराठीला आर्टिकल नाही, त्यामुळे ते नेमकं कुठे लावायचं याची जाण रक्तात नाही. मग विद्यार्थी संक्रांतीच्या तिळगुळासारखा 'द' वाटत सुटतो: दारात येईल त्या नामाच्या हातावर एक. "द मिरज इज इन द सांगली डिस्ट्रिक्ट ऑफ द महाराष्ट्र." मी दोन 'द' खोडले की तो पुढच्या खेपेला सगळेच काढून टाकतो. नियम विचारतो. नियम सांगावा तर जर्मनीला 'द' नाही, फ्रान्सला नाही, पण नेदरलँड्सला आहे. आणि त्याच देशात ॲमस्टरडॅमला नाही पण हेगला आहे. "हेगला काय सोनं लागलंय का सर?" असं मला एकाने विचारलं होतं. इंग्रजीत एम. ए. केलेल्या माणसाजवळ या प्रश्नाचं उत्तर असायला हवं, असा त्याचा समज होता.

जोडशब्दांचं तसंच. आपल्याकडे 'जरी' आला की पाठोपाठ 'तरी' येणारच. इंग्रजीत 'ऑलदो' एकटा येतो, त्याच्यामागे 'बट' लावला की चूक. 'ॲज' आला तर 'सो' यायचं नाही. 'जो' आला तर 'तो' नाही. विद्यार्थ्यांना हे व्याकरणाचं वाटतच नाही, माणुसकीचं वाटतं. सोसायटीचे सेक्रेटरी मला म्हणाले, "ऑलदो एकटाच पाठवायचा? बरं दिसत नाही हो." त्यांच्या पत्रातला 'बट' मी खोडला, तर त्यांनी तो टायपिंगच्या वेळी गुपचूप परत घातला.

पण माझा सगळ्यात आवडता प्रांत म्हणजे 'की'. मराठीत "पेशंट म्हणाला की मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही" यात न खाणारा कोण, याबद्दल कुणाला शंका येत नाही. पेशंटचा 'मी' पेशंटचाच राहतो. तेच वाक्य इंग्रजीत गेलं की, "द पेशंट टोल्ड दॅट आय हॅव नॉट ईटन सिन्स मॉर्निंग अँड आय ॲम फीलिंग व्हेरी वीक." लंडनच्या मेट्रनने हे वाचलं तर पेशंटला बाजूला सारून ती नर्सलाच सलाईन लावेल. कॅनडाला निघालेल्या एका मुलाचं वाक्य तर मी जपून ठेवलं आहे. आयुष्यातल्या वळणाच्या प्रसंगाबद्दल लिहायचं होतं. त्याने लिहिलं, "माय फादर सेड दॅट यू आर अ डाँकी अँड यू विल नेव्हर पास." बाबा मुलाला म्हणाले होते, पण वाक्य वाचणार परीक्षक. बिचारा परीक्षक तिकडे केंब्रिजमध्ये किंवा कुठे बसला असेल. कोल्हापूर जिल्ह्यातले एक गृहस्थ आपल्याला गाढव म्हणतात आणि तू कधीच पास होणार नाहीस असा शापही देतात, हे वाचून त्याने किती बँड द्यावेत?

'आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१६' वगैरे किरकोळ गुन्हे मी तिथल्या तिथे तडजोड करून मिटवतो. त्यासाठी रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड व्याकरण कपाटात आहेच. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. घरदार सोडून थेट सहारातल्या परकी फौजेत भरती होणाऱ्या तीन भावांची कादंबरीही त्यांनीच लिहिली, १९२४ साली, आणि ती जगभर गाजली. त्यांच्या व्याकरणातले स्वाध्याय सोडवताना माझ्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जे भाव येतात ते पाहता, कादंबरीची कल्पना रेनसाहेबांना वर्गातच सुचली असावी असं मला वाटतं.

विरामचिन्हं तपासताना मात्र मला एका मेजरची आठवण येते. मोडी लिहिणारे आपले कारकून आधी ओळ आखून घेत आणि मग शक्यतो लेखणी न उचलता भराभर लिहीत जात. शब्द कुठे संपला आणि वाक्य कुठे थांबलं, ते वाचणाऱ्याने आपल्या अकलेनुसार ठरवायचं. मग मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातले एक सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे छोटेखानी पुस्तक काढलं आणि मराठीला स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह अशी सगळी इंग्रजी पलटण मिळाली. एवढ्यावर मेजर थांबले नाहीत. सरकारी क्रमिक पुस्तकांचं मराठीही त्यांच्या नजरेखालून जाऊ लागलं. म्हणजे पुण्याच्या शास्त्री-पंडितांनी मराठी लिहायचं आणि इंग्लंडच्या मेजरने ते तपासून द्यायचं! "साहेब, फक्त एक नजर टाका," असं शास्त्रीबुवा म्हणत असतील का? १८७४ मध्ये निबंधमाला सुरू झाली तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर मराठीच्या त्या वेळच्या अवस्थेवर तुटून पडले. इंग्रजी वळणाचं मराठी पाहून त्यांना किती संताप येई, हे ती पानं वाचताना आजही कळतं. या सगळ्याचा सूड म्हणून मी लाल पेन घेऊन बसतो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण सूड घ्यायला समोर इंग्रज लागतो. माझ्या समोर मालगावची मुलगी असते आणि तिची सहाची एसटी असते.

व्याकरण झालं की मग खरा त्रास सुरू होतो. वाक्यं एकेकटी शुद्ध होतात आणि ओळीने उभी केली की एकमेकांशी बोलत नाहीत.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं होतं. कंपनी मोठी असल्यामुळे ते इंग्रजीत हवं, असा कमिटीचा ठराव. पत्राची सुरुवात इमारतीच्या पायाभरणीपासून. मग गुढीपाडव्याच्या शुभमुहूर्तावर झालेला गृहप्रवेश. मग लिफ्टचं उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं आणि त्या वेळी पेढे कुठले होते. दुसऱ्या परिच्छेदात सभासदांची वयं आणि गुडघे. तिसऱ्यात कंपनीच्या सेवेबद्दल आजवर वाटत आलेला आदर. आणि सगळ्यात शेवटी, सहीच्या जेमतेम वर, लिफ्ट परवापासून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली आहे.

मी घाबरून विचारलं, "आत कुणी आहे का?"

"होते. काढलं. ते पुढच्या पत्रात टाकणार आहे."

मी शेवटचं वाक्य उचलून पहिल्या ओळीत नेलं. सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सर, आल्या आल्या एकदम लिफ्ट? आधी काही नमस्कार-चमत्कार, विचारपूस?" त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आपल्याकडे माणूस कामासाठी येतो तेव्हा कामाचं सोडून सगळं आधी बोलतो. पाऊसपाणी, तब्येत, मुलाची नोकरी. मग उठतो, चपला घालतो आणि एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून म्हणतो, "हां, एक राहिलंच…" ते राहिलेलं तेवढंच त्याचं काम असतं. अशा माणसाला पहिल्याच वाक्यात मुद्दा मांडायला सांगणं म्हणजे चपलांसकट घरात यायला सांगणं.

पहिल्या वाक्यात परिच्छेदाचा विषय कळला पाहिजे, हा दंडक घातला अलेक्झांडर बेन या स्कॉटिश गृहस्थांनी. ॲबर्डीनला ते तर्कशास्त्र आणि इंग्रजी असे दोन्ही विषय शिकवत. हे दोन विषय एकाच माणसाच्या हाती दिल्यावर जे व्हायचं ते झालं: १८६६ साली त्यांनी रचनेवर पुस्तक लिहिलं, परिच्छेदाला कायदेकानू लावले, आणि तेव्हापासून जगभरची पोरं पहिल्या वाक्यात मुद्दा, मग पुरावा, मग उदाहरण अशी कवायत करताहेत. बरोबर शंभर वर्षांनी, १९६६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट कॅप्लन नावाच्या प्राध्यापकांनी परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध वाचून वाचून एक लेख लिहिला आणि त्यात चक्क चित्रं काढली. इंग्रजीचा विचार म्हणजे वरून खाली आलेली एक सरळ रेघ. अरबी वगैरे मंडळींची रेघ नागमोडी. पूर्वेकडच्यांचं आतआत फिरत जाणारं चक्र. फ्रेंच आणि स्पॅनिश लोकांची वाटेत इकडेतिकडे डोकावून येणारी रेघ. त्यावर पुष्कळ टीका झाली, पुढे कॅप्लनसाहेबांनी स्वतःच आपलं म्हणणं बरंच मवाळ केलं. सगळ्या दुनियेचा विचार वाकडा आणि आमचाच तेवढा सरळ, असं चित्र काढणाऱ्याच्या बाबतीत ते व्हायचंच होतं. माझी तक्रार वेगळी आहे. त्या चित्रांत मराठीची रेघच नाही! ती असती तर इमारतीच्या पायाभरणीपासून निघाली असती, पेढ्यांच्या दुकानावरून गेली असती, नातेवाइकांना भेटली असती आणि दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली असती.

शाळेतल्या निबंधांनीही यात हातभार लावला आहे. 'माझा आवडता पक्षी' लिहिणारा मुलगा सुरुवातीला म्हणतो, मला मोर आवडतो. शेवटी म्हणतो, असा हा मोर मला फार आवडतो. मधल्या पंधरा ओळींत काहीही घडलं तरी आवडीत फरक पडत नाही. हीच मुलं मोठी होऊन आयेल्ट्सला बसतात आणि "सच धिस इज द ग्लोबल वॉर्मिंग" असं लिहून परिच्छेद संपवतात. आणखी एक ओळ लिहिली असती तर ग्लोबल वॉर्मिंग त्यांना फार आवडत असल्याचंही जाहीर झालं असतं.

त्या परीक्षेत एक ठरलेला प्रश्नप्रकार आहे: काही लोकांना असं वाटतं, काहींना तसं वाटतं, दोन्ही बाजूंची चर्चा करा आणि स्वतःचं मत द्या. मुलांनी म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहावं की नोकरीसाठी लांब जावं, असा विषय मी एकदा दिला. दोन्ही बाजू मुलीने व्यवस्थित लिहिल्या. मताची जागा कोरी.

"मत राहिलं की गं."

"घरी विचारून उद्या लिहिते सर."

लेखनाच्या चार निकषांपैकी एक निकष, म्हणजे पंचवीस टक्के गुण, सुसंगतीला असतो. ही बातमी फुटल्यापासून मुलांनी सुसंगती विकत आणायला सुरुवात केली आहे. बाजारात जोडशब्दांचे तक्ते मिळतात. कॅनडावाल्याने तो तक्ता पाठ केला. पुढच्या खेपेला त्याचं प्रत्येक वाक्य 'मोअरओव्हर', 'फर्दरमोअर', 'नेव्हरदलेस' अशा पाटलांना पुढे घालून आलं. "कॅनडा इज अ कोल्ड कंट्री. नेव्हरदलेस, माय कझिन लिव्ह्ज इन ब्रॅम्प्टन. ऑन द अदर हँड, फीज आर हाय." मी विचारलं, "अदर हँड आहे, मग पहिला हँड कुठे आहे?" तो म्हणाला, "तो सगळ्यांना माहीतच असतो, सर." जोडशब्दांचा यांत्रिक वापर गुणांच्या निकषांत कमी प्रतीचा धरलेला आहे, हे मी त्याला दाखवलं. तो खट्टू झाला. तक्त्याचे पैसे गेले होते.

अलीकडे तर चुकाच येईनाशा झाल्या आहेत. परिच्छेद फोनमधून धुऊन, इस्त्री करून येतात. प्रत्येक वाक्य सुरळीत, प्रत्येक मुद्द्याला पुरावा, शेवटी समतोल निष्कर्ष. 'आर' नाही, 'सर' नाही, कुणी कुणाला गाढव म्हणत नाही. वाचून झाल्यावर पाच मिनिटांनी आठवू गेलं तर काहीच आठवत नाही. अशा वेळी मी फक्त एवढंच विचारतो, "यातला 'मल्टिफॅसेटेड' तुझा का?" आणि ओट्यावर शांतता पसरते. परीक्षेच्या खोलीत फोन नेता येत नाही हे देवाचे उपकार. नाहीतर मालगावच्या सासऱ्यांचा मागमूसही उरला नसता.

त्याच मुलीची गोष्ट सांगायची राहिली. तिने एका परिच्छेदात लिहिलं होतं: "माय ब्रदर इज अ इंजिनियर इन पुणे. देअरफोर, आय मस्ट गो टू अब्रॉड." 'अ'चं 'ॲन' केलं, 'टू' खोडला. व्याकरण संपलं. मग देअरफोरपाशी पेन अडलं. भाऊ पुण्यात इंजिनियर आहे, म्हणून हिने इंग्लंडला गेलं पाहिजे? तर्कशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हे बसणार नाही. बेनसाहेबांनी तर वही फेकून दिली असती. पण मला ते वाक्य पहिल्या वाचनातच कळलं होतं, आणि तुम्हालाही कळलं असणार, हीच तर पंचाईत.

अशी देअरफोर माझ्याकडे ढिगाने येतात. "माय फादर हॅज बीपी. देअरफोर आय टुक सायन्स." "अवर हाऊस इज ऑन रोड. देअरफोर माय सिस्टर गॉट मॅरीड अर्ली." परीक्षक म्हणतो, तर्क तुटला आहे. मी म्हणतो, तर्क कुठेही तुटलेला नाही. दोन वाक्यांच्या मध्ये एक वाक्य आहे, ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते कुणीही मोठ्याने म्हणत नाही. बाबांचं बीपी वाढू नये म्हणून काय काय करायचं नसतं, याची यादी कुठल्या घरात भिंतीवर लावलेली असते? ती मुलांना पाठच असते. रस्त्यावरच्या घरात मुलगी मोठी होऊ लागली की आत्या काय सुचवते, हे कॅप्लनसाहेबांना कसं कळावं? त्यांना दिसते ती नुसती वाकडी रेघ. मी व्याकरण तपासायला बसतो आणि लोकांच्या माजघरात शिरतो. तिथे लाल पेन घेऊन उभं राहणं फारसं बरं नाही, पण मला बाहेर पडवत नाही.

मी तिला म्हटलं, "भाऊ आणि इंग्लंड यांच्या मध्ये काय आहे ते लिही. घाई नको."

ती लिहीत बसली. एसटी चुकली. ही आतून दोनदा डोकावून गेली आणि तिसऱ्यांदा पोहे घेऊन आली. शेवटी वही माझ्याकडे आली. चांगली दोन पानं होती. भावाच्या इंजिनियरिंगसाठी विकलेला जमिनीचा तुकडा होता. हिच्या नर्सिंगच्या फीसाठी आईने मोडलेल्या पाटल्या होत्या, आणि त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नव्हतं. प्रत्येक लग्नात वडील पाहुण्यांना भावाची ओळख करून देत आणि हिच्याकडे वळून "ही आमची धाकटी" एवढंच म्हणत, ते होतं. सासऱ्यांनी मात्र स्वतः होऊन आयेल्ट्सची फी भरली होती, म्हणून 'फादर-इन-लॉ सर आर' पुन्हा अवतरले होते. पाटल्यांना इंग्रजीत काय म्हणायचं हे न सुचल्यामुळे तिने त्यांचं चित्र काढलं होतं. जवळजवळ प्रत्येक ओळीत एक चूक. आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत एकही देअरफोर नाही; लागलाच नव्हता.

मूळ प्रश्न होता: तरुण लोक कामासाठी परदेशी का जातात? अडीचशे शब्द, चाळीस मिनिटं. या दोन पानांचा त्यात काही उपयोग नव्हता. पाटल्यांचं चित्र तर परीक्षकाच्या कुठल्याच रकान्यात बसलं नसतं. मी दोन्ही पानं बाजूला ठेवली, मूळ परिच्छेद समोर घेतला, भाऊ आणि इंग्लंड यांच्या मध्ये काकपद काढलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, "फॅमिली एक्स्पेक्टेशन्स ऑफन इन्फ्लुअन्स करिअर चॉइसेस." व्याकरण शुद्ध, जोड पक्का, शब्दसंख्या आटोपशीर.

तिने ते वाक्य बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं.

"सर, हे कुणाच्या घरचं?"

"साडेसहा बँडच्या," मी म्हणालो. "पाठ कर, आणि पोहे खा. सातची एसटी तरी गाठ."